टाके घालण्यापूर्वी

वाचकांचे प्रश्न : हस्तकला

प्रश्न : मी ६७ वर्षांची असून गेली ४० वर्षे विणकाम करते. आमच्या घरातील जवळजवळ प्रत्येक बाळंतविड्यातले टोपडे आणि मोजे माझ्याच हातचे आहेत. आता नातवंडे मोठी झाली, पण हात स्वस्थ बसत नाहीत. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांसाठी टोप्या विणून द्याव्यात, असे आमच्या भिशीतील पाच-सहा जणींनी ठरवले आहे. घरात उरलेली लोकर बरीच आहे. तीच वापरावी का, आणि माप कोणते धरावे? — एक वाचक, मिरज

उत्तर : बाळाच्या टाळूला काय टोचेल, याचा विचार करण्याची सवय तुमच्या हातांना आहे, या कामात तीच सर्वांत उपयोगी पडेल. कर्करोगावरील औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात आणि केसांच्या मुळांतील पेशीही तशाच वाढणाऱ्या असल्यामुळे त्याही त्या तडाख्यात सापडतात. सगळ्याच औषधांनी केस जातात असे नाही, परंतु ज्यांनी जातात त्यांच्या बाबतीत पहिल्या मात्रेनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी गळती सुरू होते, आणि त्या दिवसांत डोके इतके हळवे होते की काहींना उशीचा अभ्राही नकोसा वाटतो. तेव्हा उरलेली लोकर कसली आहे, हे आधी पाहायला हवे.

आपण सरसकट 'लोकर' म्हणतो, पण दुकानात त्या नावाने मिळणारे पुष्कळसे गुंडे मेंढीच्या लोकरीचे नसून अ‍ॅक्रिलिकचे असतात. वेष्टनावरची चिठ्ठी हरवली असल्यास बोटभर धागा चिमट्यात धरून मोरीत जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि ज्योत दूर केली की ती विझते; सूत कागदासारखे जळून त्याची राख होते; अ‍ॅक्रिलिक मात्र वितळते आणि मागे कडक काळा मणी उरतो. खऱ्या लोकरीतील जाड तंतूंची टोके त्वचेला टोचतात, त्यामुळे ती मेरिनोसारखी अगदी तलम नसेल तर बाजूला ठेवलेली बरी. मऊ अ‍ॅक्रिलिक थंडीसाठी चालते, धुण्यासही सोपे असते. पण आपल्याकडे वर्षाचे आठ-नऊ महिने मऊ सुती धाग्याला पर्याय नाही.

हे मी अनुभवाने शिकले. पहिल्या वर्षी मी हौसेने जाड लोकरीच्या वीस टोप्या विणल्या, प्रत्येकीवर गोंडा लावला आणि एका रुग्णालयात नेऊन दिल्या. महिनाभराने तेथील समाजसेविकेने मला अतिशय सौम्य शब्दांत सांगितले की टोप्या सुंदर आहेत, पण मे महिन्यात त्या कोणी घालत नाही. आणि गोंड्याचे म्हणाल, तर रुग्ण दिवसाचा बराच वेळ आडवा असतो आणि कुशीवर वळताना तो रुतत राहतो. लहान मुलांच्या टोपीला मणी, बटणे किंवा डोळे लावण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण ते तुटून तोंडात जाऊ शकतात.

टोपी कोणाकडे जाणार, याचाही अंदाज घ्यावा लागतो. मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, आणि आज तेथे महाराष्ट्राइतकेच बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल आणि ईशान्य भारतातूनही रुग्ण येतात. त्यांपैकी कितीतरी कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी महिनोन्‌महिने राहतात. मुंबईच्या दमट हवेत त्यांना पातळ सुती टोपी हवी असते, आणि तोच रुग्ण पौष महिन्यात गावी परतला की कान झाकणारी उबदार टोपी लागते. शिवाय डोक्यावर पदर घेणाऱ्या बायकांची एक अडचण विणणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. केसच नसले की गुळगुळीत डोक्यावरून पदर सारखा घसरतो. खाली बसकी सुती टोपी असली की तो ठरतो. अशा टोपीवर उठावाची नक्षी नसावी, आणि रंग साडीच्या पदराखाली खपणारा असावा. शुभ्र पांढरा रंग मी स्वतः टाळते, कारण मागच्या पिढीतील काही बायकांना केस गेलेले डोके आणि पांढरे वस्त्र हे एकत्र पाहणे फार जड जाते, आणि त्याचे कारण मराठी वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही.

आता माप. प्रौढ माणसाच्या डोक्याचा घेर बहुधा ५४ ते ५८ सेंटीमीटर असतो. केस गेल्यावर तो थोडा कमी भरतो. टोपी घेरापेक्षा चार-पाच सेंटीमीटर लहान विणावी, म्हणजे ती ताणून नीट बसते. तुमच्याकडे ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया असतील आणि नमुन्यात दहा सेंटीमीटरला २० टाके बसत असतील, तर १०० टाके घालावेत. पहिले पाच-सहा सेंटीमीटर दोन सुलट, दोन उलट विणावे. सुताला लोकरीसारखा ताण नसतो, ती उणीव ही वीण भरून काढते. पुढे सगळे सुलट विणत एकूण उंची सतरा सेंटीमीटर झाली की आठ टाके विणून दोन एकत्र, एक ओळ साधी, मग सात विणून दोन एकत्र, या क्रमाने शेवटच्या दहा टाक्यांपर्यंत उतरावे. तयार टोपी सुमारे २३ सेंटीमीटर उंच होते. रोजच्या टोपीपेक्षा ती थोडी लांब वाटेल, पण मानेवरची केसांची रेषा झाकली जाणे आवश्यक असते. गोल सुईवर विणल्यास शिवण येतच नाही. दोन सुयांवर विणणार असाल, तर शिवणीचा उंचवटा बाहेरच्या बाजूस येईल असे शिवावे. ते दिसायला किंचित विचित्र असले तरी आतल्या बाजूस काहीही टोचत नाही. क्रोशा येत असेल तर मुक्या खांबापेक्षा साधे खांब घ्यावेत, कारण मुक्या खांबाची वीण घट्ट आणि जड होते. ज्या मुलांच्या उपचारात स्टेरॉइड असते, त्यांचा चेहरा सुजतो, म्हणून मुलांच्या टोपीची कडा नेहमीपेक्षा सैल ठेवावी.

प्रश्न : आमच्या गटाने टोप्या तयार केल्या आहेत. त्या कशा द्याव्यात? सोबत धीर देणारा संदेश लिहावा का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : खरे तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला विणण्यापूर्वीच विचारावयास हवे होते, अजूनही आधी विचारूनच जावे. या उपचारांत पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा संसर्गही महागात पडतो, म्हणून प्रत्येक टोपी सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, वेगळ्या पिशवीत बंद करावी. अत्तर, डांबराच्या गोळ्या, उदबत्ती यांचा वास तिला लागू देऊ नये, कारण मळमळणाऱ्या माणसाला तो सहन होत नाही. घरात मांजर असेल तर धागा झाकलेल्या डब्यात ठेवावा. पिशवीवर धागा कोणता, माप काय आणि धुवावी कशी, एवढे हिंदी आणि मराठीत लिहावे. 'लढत राहा' वगैरे मात्र लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला आज चार घास खाणे जमलेले नाही, त्याला अनोळखी माणसाने लढण्याची आज्ञा कशाला करावी?

प्रश्न : माझ्या धाकट्या जाऊबाईंची केमोथेरपी पुढील आठवड्यात सुरू होत आहे. त्यांना न सांगता टोपी विणून ठेवू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : न सांगता नको. केस डोक्यावर असताना हातात आलेली टोपी काहींना अपशकुनासारखी वाटते, आणि त्यांना कोणते औषध मिळणार यावर केस जाणार की नाही हेही अवलंबून आहे. डॉक्टरांनी तसे सांगितले असेल आणि जाऊबाईंनी स्वतः विषय काढला, तर त्यांना घेऊन दुकानात जा. धागा बोटांनी चाचपून ठरवू नका. तो त्यांना मानेला, कानामागे लावून पाहू द्या, आणि रंगही त्यांनाच निवडू द्या. टोपी नको, ओढणी किंवा स्कार्फ बरा, असे त्या म्हणाल्या तर तेही मनापासून मान्य करा. हवी असेल, तर एकाच रंगाच्या दोन विणा, म्हणजे एक वाळत असताना दुसरी डोक्यावर राहील.