पालक-शिक्षक विचारतात : नियम कशाला हवेत?

प्रश्न : मी बालवर्गाला शिकवते. वर्षाच्या सुरुवातीलाच १२ नियमांचा तक्ता भिंतीवर लावला. मुलं तो घडाघडा म्हणून दाखवतात आणि पुढच्या मिनिटाला ढकलाढकली सुरू! चार-पाच वर्षांच्या मुलांना नियमामागचं कारण समजतं का?

उत्तर : समजतं, पण तक्त्याने नाही. नियम म्हणजे कुठल्यातरी अडचणीवर काढलेली तोड. मुलांनी अडचण पाहिलेलीच नसते आणि आपण तोड पाठ करून घेतो. म्हणून आधी अडचण होऊ द्या.

२० मुलं असतील तर पाच-पाच जणांचे चार गट करा. प्रत्येक गटाला एक मऊ चेंडू आणि एक रिकामी टोपली द्या आणि फक्त म्हणा, "खेळा." आधी कोणी, किती लांबून, जिंकलं कोण हे कसं ठरवायचं, यातलं काही सांगू नका. थोड्याच वेळात कोणीतरी चेंडू बगलेत मारून पळेल, कोणी टोपलीवर बसेल आणि तक्रारी यायला लागतील. तीन मिनिटं झाली की थांबवा. त्याहून ताणलंत तर रडारड होते, आणि रडणाऱ्या मुलाशी नियमांची चर्चा करता येत नाही.

मग गोलात बसवून विचारा : काय झालं? कोणाला मजा आली नाही? आधी काय ठरवलं असतं तर बरं झालं असतं? सूचना मुलांच्याच शब्दांत फळ्यावर लिहा आणि शेजारी चित्र काढा, कारण त्यांना अजून वाचता येत नाही. त्यांतल्या दोनच निवडून पाच मिनिटं पुन्हा खेळवा. शेवटी, आता काय बदललं, एवढंच विचारा.

हा खेळ बहुतेक वेळा फसतो तो शिक्षकांच्या घाईमुळे. मुलं अडखळली की आपण चटकन "रांग करूया ना!" म्हणून मोकळे होतो. तसं झालं की तो नियम बाईंचा होतो, मुलांचा राहत नाही. दुसरी अडचण म्हणजे एखादं धीट मूल सगळ्यांच्या वतीने नियम ठरवून टाकतं. त्याला गप्प करू नका. त्याच्याच नियमाने एक डाव खेळवा आणि मग इतरांना विचारा, हा नियम सगळ्यांसाठी सारखा होता का? कायदा एकट्याने का करायचा नसतो, हे इथे आपोआप निघतं.

तक्ता लावायचाच तर १२ नियमांचा नको, तीन ते पाच पुरेत. "पळू नका" यापेक्षा "वर्गात चालायचं" हे मुलांना सोपं जातं. काय करायचं ते डोळ्यांसमोर येतं. "नीट वागा" हा तर नियमच नव्हे, कारण तो मोडला की पाळला हे मुलाला कळायला मार्ग नाही.

प्रश्न : नियम आणि कायदा यांतला फरक सहा वर्षांच्या मुलीला कसा सांगू?

उत्तर : व्याख्या सांगू नका. तीन प्रश्न विचारा : हे कोणी ठरवलं? कोणाला लागू आहे? बदलायचं असेल तर कोणाकडे जायचं? खेळाचा नियम खेळणाऱ्यांनी ठरवलेला, तेवढ्यांनाच लागू, आणि पुढच्या डावाआधी बदलता येणारा. घरचा नियम घरातल्यांपुरता. कायदा मात्र त्या देशात असलेल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनाही लागू असतो. म्हणून तो लिहून ठेवावा लागतो आणि तो करण्याची, बदलण्याची पद्धतही आधीच ठरलेली असते.

उदाहरण वाहतुकीचं घ्या. स्वीडनमध्ये पूर्वी गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता साऱ्या देशाने एकदम उजवी बाजू धरली. मुलीला विचारा, निम्म्याच लोकांनी बाजू बदलली असती तर? खेळण्यातल्या दोन गाड्या समोरासमोर आणून दाखवा. डावी बाजू चांगली की उजवी, हा प्रश्नच नाही. सगळ्यांची एकच असणं महत्त्वाचं.

पण सगळे नियम असे नुसते ठरवाठरवीचे नसतात. मानसशास्त्रज्ञ इलियट ट्युरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं आहे की बालवाडीच्या वयातली मुलंही हा भेद करतात. बाईंनी परवानगी दिली तर दुसऱ्या जागेवर बसलेलं चालेल, असं ती म्हणतात. पण बाईंनी परवानगी दिली तरी मारणं वाईटच, असंही म्हणतात. म्हणून प्रत्येक नियमाला एक प्रश्न लावून बघा : "हा नियम नसता, तर तसं वागलेलं चाललं असतं?" मुलीची उत्तरं ऐकण्यासारखी असतील.

प्रश्न : आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. दिवसभर इतरांच्या चहाड्या सांगतो, आणि स्वतः हरायला लागला की नियम बदलतो. हा लबाडपणा म्हणायचा का?

उत्तर : नाही. या वयाला दोन्ही गोष्टी साजेशा आहेत.

चहाडीचं मूळ फार लवकर दिसतं. राकोट्सी, वार्नेकन आणि टोमासेलो यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना एक नवा खेळ दाखवला. मग एक बाहुली तोच खेळ चुकीच्या रीतीने खेळू लागली. तीन वर्षांची मुलं तिला अडवत, "असं नाही करायचं" अशा अर्थाचं बजावत. त्यात त्यांचं स्वतःचं काहीच नुकसान होत नव्हतं. म्हणजे नियम सगळ्यांचा आहे, ही जाण आधी येते. कोणाला आणि कधी सांगायचं, याचं तारतम्य बऱ्याच उशिरा. ते शिकवायला दोन प्रश्न पुरतात : "कोणाला लागलंय किंवा लागेल का?" आणि "तू त्याला स्वतः सांगून पाहिलंस का?" पहिल्याचं उत्तर "हो" असेल तर लगेच उठायचं आणि सांगितल्याबद्दल मुलाला शाबासकीही द्यायची. धोक्याची खबर आणि चहाडी यांतली रेघ इथेच आखून द्या. "चहाडखोर" हा शिक्का बसलेलं मूल खरंच काही घडलं तेव्हाही गप्प बसतं.

आता रडीचा डाव. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांशी बोलून १९३२ साली लिहिलं की लहान मुलं नियम मोठ्यांकडून आलेला आणि न बदलणारा मानतात, पण खेळताना आपल्या सोयीने वागतात. नियम म्हणजे आपसांतला करार, तो सगळ्यांच्या संमतीने बदलता येतो, ही समज साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास पक्की होते. तोवर घरात एकच पथ्य पाळा : नियम दोन डावांच्या मध्ये बदलायचा, चालू डावात नाही. ही काही पोरखेळातली गोष्ट नव्हे. जे कृत्य घडलं तेव्हा गुन्हा नव्हतं, त्यासाठी मागाहून कायदा करून शिक्षा देता येत नाही, हे न्यायाचं मोठं तत्त्व याच जातीचं आहे.

त्याला हरवत राहणंही नको आणि मुद्दाम जिंकवणंही नको. त्यापेक्षा खेळ सुरू होण्याआधी "तू कच्चा लिंबू, तुला एक जादा संधी" असं उघड ठरवा. कच्चा लिंबू म्हणजे सर्वांना माहीत असलेली, आधी जाहीर केलेली सवलत. कायद्यात लहानांना, आजाऱ्यांना ज्या सवलती असतात त्यांची ओळख यातून होते. गुपचूप दिलेली सूट मात्र मुलं हमखास ओळखतात.

प्रश्न : "ऐकलं नाहीस तर पोलीस घेऊन जातील" असं म्हटलं की मुलगी लगेच ऐकते. त्यात काही चूक आहे का?

उत्तर : हो. गर्दीत हरवली तर तिने ज्यांच्याकडे जायला हवं, त्यांच्यापासूनच ती लपेल. शिवाय धमकी पोकळ आहे, हे कधीतरी कळतंच.

शिक्षेबद्दल एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांपैकी सहांनी, मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला. उशीर वाढला, पुढे जवळपास दुप्पट झाला, आणि दंड काढून घेतल्यावरही कमी झाला नाही. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी यांनी २००० साली हे प्रसिद्ध केलं. दंडामुळे उशिराची टोचणी गेली आणि तो जणू एक विकतची सोय झाला. घरातही "खेळणी आवरली नाहीस तर टीव्ही बंद" म्हटलं की मूल हिशेब मांडतं : टीव्ही सोडून द्यायची तयारी असली की आवरायला नको! परिणाम कृतीला जोडलेला असावा. पाणी सांडलं तर पुसायचं. ठोकळे पाडले तर ज्याचे पाडले त्याला पुन्हा रचायला मदत करायची.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलाने विचारलं, "कायदाच चुकीचा असेल तर?" मी गडबडलो.

उत्तर : "असू शकतो" म्हणा. लपवाछपवी नको. न्यूझीलंडमध्ये पूर्वी संसदेच्या निवडणुकीत बायकांना मत देता येत नव्हतं. केट शेपर्ड आणि त्यांच्या सोबतिणींनी गावोगावच्या स्त्रियांच्या सह्या गोळा केल्या, कागद एकाला एक चिकटवले आणि सुमारे २७० मीटर लांबीची गुंडाळी संसदेत सादर झाली. १९ सप्टेंबर १८९३ रोजी कायदा बदलला. मोकळ्या जागेत मुलाबरोबर २७० मीटर चालून बघा. त्याच्या पावलांनी ५०० च्या आसपास भरतील. एवढा लांब कागद कशाला लागला, हे त्यालाच विचारा. आधीच्या सह्यांनी भागलं नव्हतं, म्हणून पुन्हा गोळा कराव्या लागल्या होत्या, हेही सांगा. मग घरातला एखादा नियम त्याला चुकीचा वाटत असेल तर कागदावर लिहून मांडायला सांगा : अडचण काय, नवा नियम काय, तो कोणाला लागू. आठवडाभर तो नियम वापरून पाहायची तयारी असेल तरच हे करा. कागद घेऊन खणात टाकलात, तर पुढचा कागद येणार नाही.