वाचक विचारतात : 51 हजारांत कॅन्सर संशोधन होतं का?

प्रश्न : आमच्या तालमीने यंदा साउंड सिस्टिमला फाटा देऊन 51 हजार रुपये बाजूला काढलेत. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवरच्या संशोधनाला ते द्यायचेत. एवढ्याशा रकमेने काय होणार? वर्गणीदारांना करसवलत मिळेल का?
– एक कार्यकर्ता, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : नवं औषध निघणार नाही. पण मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या ‘एएलएल’ या ब्लड कॅन्सरची बरीच औषधं जुनीच आहेत, ती कुणाला, किती आणि कधी द्यायची, यावरच मोठं संशोधन झालंय. एएलएलवरची 1950च्या दशकातली सिक्स-एमपी गोळी बघा. एनयूडीटी15 जनुकात बदल असलेल्या मुलाच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या डोसनेच कोसळतात आणि जंतुसंसर्ग गाठतो. हा बदल युरोपीयांपेक्षा आशियाई लोकांत जास्त. म्हणून आपल्याकडच्या मुलांचाच अभ्यास हवा.

केमोच्या पहिल्या महिन्यानंतर बोन मॅरो काढून एमआरडी, म्हणजे उरलेल्या कॅन्सरपेशी शोधणारी तपासणी करतात. दहा हजारांत एक कॅन्सरपेशी उरली तरी ती सापडते, आणि पुढची केमो वाढवायची की नाही ते ठरतं. तुमची रक्कम इथे कामी येते : तपासणीची रसायनं, नमुन्यांचा फ्रीजर, नोंदी ठेवणाऱ्याचा पगार. या शेवटच्या खर्चाला देणगीदार मिळत नाही, त्यावर पाटी लावता येत नाही ना! उपचार दोन-अडीच वर्षांचे. गडहिंग्लजचं पोर मधेच मुंबईला यायचं थांबलं आणि कुणी फोन केला नाही, तर नोंद कोरी राहते, निष्कर्ष लंगडा पडतो.

टाटा मेमोरियलसारख्या संस्थेला चेकआधी पत्र पाठवा : ‘फक्त बाल-ल्युकेमिया (ब्लड कॅन्सर) संशोधनासाठी’. लेखी होकार घ्या, नाहीतर पैसे सर्वसाधारण निधीत जाऊ शकतात. रुग्णमदत हा वेगळा निधी, तोही स्पष्ट करा. मंडळाच्या घटनेत अशी देणगी बसते का ते पाहून ठराव करा.

मंडळाने चेक दिला तर पावती मंडळाच्या नावे. वर्गणीदाराला सवलत नाही. ज्याला ती हवी, त्याने पॅन देऊन थेट संस्थेला द्यावेत. 2,000 रुपयांवर रोख चालत नाही आणि सवलत जुन्या करप्रणालीतच.

प्रश्न : पैशांऐवजी रक्तदान शिबिर घेतलं तर?

उत्तर : संशोधनाला नाही, उपचाराला उपयोग होतो. पण या मुलांना प्लेटलेट वारंवार लागतात आणि त्या पाचच दिवस टिकतात. एका दिवशी दोनशे जण रांगेत उभे करण्यापेक्षा हाकेला येणाऱ्या दात्यांची रक्तगटवार यादी रक्तपेढीकडे द्या.