‘चोअर कोट’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न म्हापशाहून आला आहे. विचारणारे पुरुषांसाठी एक सुती कोट शिवून विकणार आहेत. जाड निळं कापड, पूर्ण बाह्या, साधी पडती कॉलर, पुढे बटणांची एक रांग आणि वरून शिवलेले तीन खिसे. फ्रान्समधल्या जुन्या कामगारांच्या कोटावरून बेतलेला. इंग्रजी लेबल तयार आहे, ‘व्हिंटेज चोअर जॅकेट’. मराठी लेबलवर ‘पुरातन कामगार जाकीट’ असं लिहिलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

तिन्ही शब्दांबद्दल माझी तक्रार आहे. सर्वांत मोठी ‘जाकीट’बद्दल.

इंग्रजी जॅकेट मराठीत आलं तेव्हा त्याच्या बाह्या वाटेतच गळाल्या. आपल्याकडे जाकीट म्हणजे सदऱ्यावर किंवा झब्ब्यावर घालायचं, बिनबाह्यांचं, अंगासरशी बसणारं वस्त्र. नेहरू जाकीट म्हटलं की कोणाच्याही डोळ्यांसमोर बाह्या येत नाहीत. लग्नात नवरदेवाच्या भावाला जाकीट शिवतात तेही तसंच. त्यामुळे लेबलवर ‘जाकीट’ वाचून गिऱ्हाईक एक वस्तू मनात धरणार आणि घडी उलगडल्यावर निराळीच निघणार. ‘जॅकेट’ असं नव्या उच्चारानं लिहिलं तर बाह्या परत येतात, पण त्यासोबत चेन, रेक्झिन आणि मोटरसायकलही येते. गंमत म्हणजे या शब्दाचं कूळ कष्टकऱ्यांचंच आहे. फ्रेंच ‘जाकेत’ हा ‘जाक’ या अंगरख्यावरून आला आणि तो जाक बहुधा शेतकऱ्यांना सरसकट लावल्या जाणाऱ्या जाक या नावावरून, असं व्युत्पत्तिकार सांगतात. १३५८ मधल्या फ्रेंच शेतकऱ्यांच्या उठावाचं नावही त्यावरूनच पडलं, जाकरी. पण लेबल वाचणारा व्युत्पत्ती वाचत नाही.

मग ‘चोअर कोट’ तसंच ठेवावं का? देवनागरीत हा शब्द फार धोक्याचा आहे. घाईत वाचणारा ‘चोर कोट’च वाचणार, आणि मराठीत चोरखिसा हा शब्द आधीपासून असल्यामुळे त्याला ते खरंही वाटेल. इथे तर सगळे खिसे उघडे, कापडावर वरून ठोकलेले. चोरी करायला जागाच नाही.

मुळात चोअर म्हणजे रोजचं, न संपणारं बारीकसारीक काम. अमेरिकेत हा कोट शेतावरच्या आणि गोठ्यातल्या अशा कामांसाठी वापरत, म्हणून हे नाव. तो डेनिमचा असे आणि थंडीसाठी आतून घोंगडीसारखं अस्तर लावत. फ्रेंच भावंडाचं नाव सरळ रंगावरून आहे, ‘ब्लू द त्राव्हाय’, म्हणजे कामाचा निळा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखाने, रेल्वे आणि गोद्यांमधून हा निळा कोट रुळला. कापड बहुतेक मोलस्किन, म्हणजे दाट विणीचं, वरून किंचित मऊ केलेलं सूत. मळ दिसू नये, ठिणगी-ओरखडा सोसावा आणि अवजारं खिशात राहावीत, एवढ्याच अपेक्षा. फॅशनीत तो फार पुढे आला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे रस्त्यावरच्या फॅशनचे छायाचित्रकार बिल कनिंगहॅम, जे २०१६ मध्ये वारले, ते वर्षानुवर्षं असाच निळा कोट घालून सायकलवर फिरत. त्यांनी तो खिशांसाठी घेतला होता, पाहणाऱ्यांनी दिसण्यासाठी.

या निळ्याचं आणि आपल्या किनाऱ्याचं नातं जुनं आहे. संस्कृत नीली अरबीत ‘अन्-नील’ झाली, पोर्तुगिजांनी तिला ‘अनिल’ केलं आणि त्या अनिलवरून रसायनशास्त्रात अ‍ॅनिलीन आलं. जर्मनीत १८९७ मध्ये कृत्रिम नीळ कारखान्यातून बाजारात आली आणि निळीच्या शेतीचं कंबरडं मोडलं. कापडाचीही अशीच कथा. इंग्रजी डंगरी हे मुंबईच्या डोंगरीजवळ विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडाचं नाव. सतराव्या शतकातच ते इंग्रजांच्या कागदपत्रांत शिरलं, आणि आज मेकॅनिक घालतो ती डांगरी म्हणून आपल्याकडे परत आलं. डांगरी हा शब्द त्यामुळे मला मोहात पाडत होता. पण डांगरी म्हणजे वरपासून खालपर्यंत एकसंध पोशाख. हा नुसता वरचा अर्धा.

गोव्यातला माणूस म्हणून दुसरा मोह झाला तो ‘कबाय’ या शब्दाचा. पोर्तुगीज काळात दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराचा पोशाख म्हणजे कबाय. गुडघ्यापर्यंत येणारा एकाच तुकड्याचा लांब झगा. अरबी-फारसी ‘कबा’ हे त्याचं मूळ. कामाचा पोशाख, सुती, जुना आणि शंभर टक्के गोव्याचा. जाहिरातवाल्याला याहून काय हवं! पण ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांकडून कबायीचं वर्णन ऐकलंय ते दुकानात येऊन विचारतील, ‘अहो, ही कंबरेखालीच संपली की!’ आणि त्यांचं बरोबर असेल. गोव्याचं नाव हवं म्हणून दुसऱ्या वस्तूचं नाव उचलू नये.

माझं मत ‘डगला’ या शब्दाला. हा शब्द अजून जिवंत आहे; वकिलाचा काळा डगला आपण आजही म्हणतो. पूर्ण बाह्या, पुढून उघडा, अंगावरून सैल, दुसऱ्या कपड्यावर चढवायचा, ही सगळी लक्षणं त्यात बसतात. हिंदीत तो दगला आहे. पारशी पुरुष लग्नात आणि नवजोतीला, म्हणजे मुलांच्या धर्मदीक्षेला, घालतात त्या पांढऱ्या, सुती, कशांनी बांधायच्या कोटाला डगली म्हणतात, म्हणजे सुती कापडाशीही त्याचं वाकडं नाही. ‘ढगळ’ या शब्दाशी त्याची व्युत्पत्ती मी जोडत नाही, पण कानाला दोन्ही शेजारी वाटतात आणि या कोटाच्या बाबतीत ते सोयीचंच आहे, कारण तो मुद्दाम सैलच शिवतात.

‘कोट’ चूक नाही. पण कोट म्हटलं की अस्तर, खांद्याला भरणी, टाय आणि लग्नाची पंगत असा सगळा सरंजाम पाठोपाठ येतो. आणि गोव्यात कोट हा किल्लाही असतो, ते सोडून देऊ.

आता ‘कामगार’. कामगार डगला म्हटलं की कामगार संघटनेनं वाटलेला वाटतो. ‘श्रमवस्त्र’ वगैरे शब्द समित्यांमध्येच शोभतात. ‘कामाचा डगला’ पुरे. कामाचा म्हणजे कामावर घालायचा आणि कामाचा म्हणजे उपयोगी, दोन्ही अर्थ फुकटात मिळतात. कोंकणी लेबलही करणार असाल तर ‘वावराड्याचो डगलो’ म्हणून पाहा. वावर म्हणजे काम, वावराडी म्हणजे कष्टकरी. आता हाच शब्द विदर्भातल्या मराठी माणसानं वाचला तर त्याच्या लेखी वावर म्हणजे शेत. तो याला शेतावर घालायचा डगला समजेल, आणि अमेरिकन चोअर कोटाच्या हिशेबानं त्याचं काही चुकणार नाही.

राहिलं ‘व्हिंटेज’. हा शब्द द्राक्षांच्या हंगामाचा. अमुक सालच्या पिकाची दारू, यावरून तो जुन्या, नावाजलेल्या वस्तूंपर्यंत पोचला. ‘पुरातन’ देवळाला आणि ताम्रपटाला लावावं, खिसेवाल्या कपड्याला नको. ‘जुना’ तर मुळीच लिहू नका. मराठी घरात जुना कपडा म्हणजे भांडीवालीला देऊन वर पातेलं घ्यायचा कपडा. तुमचा माल नवा आहे, बेतणी जुनी आहे. त्यासाठी ‘जुन्या धाटणीचा’ किंवा ‘जुन्या बेताचा’ असं म्हणतात. मला दुसरं जास्त आवडतं, कारण बेतणं ही शिंप्याचीच क्रिया आहे; पण ‘बेत’ म्हणताच काहींना जेवणाचा बेत आठवेल, म्हणून लेबलवर धाटणीच बरी.

तेव्हा: ‘जुन्या धाटणीचा कामाचा डगला’. खाली बारीक अक्षरात ‘जाड सुती कापड, अस्तर नाही, वरून लावलेले तीन खिसे’. अस्तर नसल्याचं आवर्जून लिहा. गोव्यात गिऱ्हाईक रंगाच्या आधी तेच विचारतं. अनेकवचन डगले. पुढेमागे बायकांसाठी काढलात तर डगली म्हणावंसं वाटेल, पण पारशी गिऱ्हाईक तो पुरुषांचाच कपडा समजेल. तिथेही डगलाच ठेवा.