पित्तनलिकेचा जोड आणि भातलावणीतला ताप

प्रिय डॉक्टर,

रत्नागिरीत रुजू होताच तू विचारलंस, लिव्हर बदललेला पेशंट तापाने फणफणत ओपीडीत आला तर आधी काय पाहायचं? पित्तनलिकेचा जोड, म्हणजे नव्या यकृताची पित्तनलिका पेशंटच्या नलिकेला किंवा आतड्याला जिथे शिवतात ती जागा. तो का दगा देतो हे कळलं की पुढचं सुचत जातं.

यकृताला पोर्टल व्हेन (आतड्याकडून रक्त आणणारी शीर) आणि धमनी अशा दोन्हींतून रक्त मिळतं. पित्तनलिका मात्र धमनीवरच जगते. तिच्या कडांनी, घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी, बारीक वाहिन्या जातात. नलिकेभोवतीचा मऊ थर खरवडला किंवा टोकाला कॉटरी (रक्त थांबवायला डाग देणारं विजेचं उपकरण) लागली की टोक सुकतं. म्हणून नलिका कात्रीने कापायची आणि कडेवर लालभडक ठिपके फुटतात का ते बघायचं. कड पांढुरकी राहिली तर रक्त दिसेपर्यंत मागे सरायचं. मग 6-0 किंवा 7-0 चा, म्हणजे अगदी बारीक, विरघळणारा धागा, म्यूकोसाला म्यूकोसा (आतल्या अस्तराला अस्तर), ताण अजिबात नको. जिवंत दात्याच्या उजव्या भागाला कधी दोन-तीन नलिका निघतात, त्याही काही मिलिमीटरच्या. तिथे धोका वाढतो.

पेशंटची स्वतःची नलिका वापरता आली नाही तर आतड्याचा 40 ते 60 सेंमीचा रू लूप, म्हणजे कापून मोकळा केलेला भाग, वर आणून जोडतात. डिस्चार्ज कार्डावर हे आधी शोध. अशांना साधी ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून नलिकेपर्यंत जाणं) सहसा पोचत नाही, पीटीबीडी (पोटाच्या त्वचेतून सुईने यकृतातल्या नलिकेत नळी घालणं) करावं लागतं.

गळती बहुधा पहिल्या महिन्यात कळते. जोड आकसणं बहुतेक पहिल्या वर्षात, तेही गुपचूप. आधी रक्तातली अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी ही एन्झाइम्स चढतात, खाज सुटते, कावीळ मागाहून. स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी नळी) असेल तर तो बदलायची तारीख विचार. प्लॅस्टिकचा साधारण तीन महिन्यांनी बदलतात, आणि "गणपती झाले की जाऊ" म्हणत ती तारीख हमखास टळते.

लावणीच्या दिवसांत ताप आणि पिवळे डोळे दिसले की आपल्याकडे पहिला शब्द लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. त्याची तपासणी आणि औषध जरूर कर, पण तिथे थांबू नकोस. सोनोग्राफीत नलिका फुगलेली नाही म्हणून निश्चिंत होऊ नकोस, बदललेल्या यकृतात अडथळा असूनही ती फुगत नाही असं होतं. डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) धमनी बघ, मग एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय). टॅक्रोलिमस (शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून दिलेलं औषध) मनाने बंद करू नकोस. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने त्याची पातळी भडकते आणि डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने किडनीवर घाव बसतो, दोन्ही टाळ.

थंडी वाजून ताप आणि बीपी घसरतंय, अशाला रात्रीच्या गाडीने मुंबईला धाडू नकोस. ब्लड कल्चर, सलाइन, अँटिबायोटिकचा पहिला डोस, प्रत्यारोपण केंद्राला फोन, आणि मगच अँब्युलन्स.