तेलाचा ‘उतारा’ म्हणा, ‘पुनर्प्राप्ती’ नको

प्रश्न असा आहे: ‘परिपक्व जलाशयांमधून वर्धित तेल पुनर्प्राप्तीच्या पद्धती’ (इंग्रजीतलं ‘एन्हान्स्ड ऑइल रिकव्हरी फ्रॉम मॅच्युअर रिझर्व्हॉयर्स’) असा मथळा वाचनात आला. यात ‘पुनर्प्राप्ती’ बरोबर की ‘पुनःप्राप्ती’?

लिहायचंच असेल तर ‘पुनःप्राप्ती’. ‘पुनः’मधल्या विसर्गापुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आलं की त्याचा र् होतो, म्हणून पुनरावृत्ती, पुनर्जन्म. पुढे प आला की विसर्ग जागचा हलत नाही. संधीचं एवढंच.

पण हा शब्द मुळात इथे हवा कशाला? आधी आपलं होतं, गेलं आणि परत मिळालं, तर ती पुनःप्राप्ती. लाखो वर्षं खडकात अडकून पडलेलं तेल आधी कोणाच्या हातात होतं? हे ‘रिकव्हरी’तल्या ‘रि’चं भाषांतर झालं, अर्थाचं नाही. खाणीत आणि तेलक्षेत्रात रिकव्हरी म्हणजे जमिनीत जेवढं होतं त्यातलं हाती किती लागलं. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी नव्या लेखात पुन्हा तेच ‘पुनर्’ वाचतो.

आणि याला मराठीत रुळलेला शब्द आहे! उतारा. शंभर किलो उसातून अकरा किलो साखर निघाली, तर साखर उतारा अकरा टक्के. तेलबियांचाही उतारा असतो. परिभाषा तयार आहे, ती घडवायला समिती नको.

सातबाराचा उतारा, पुस्तकातला उतारा, विषावरचा उतारा हे सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडून देतो. मला मोह आहे तो धातूचा. संस्कृतात ‘तॄ’ म्हणजे तरणं, पार होणं. तीर्थ, तारू, अवतार ही सगळी त्याचीच मुलं. त्याला ‘उत्’ लागला की अर्थ होतो पाण्यातून बाहेर येणं, पैलतीरावर पाय टेकणं. यातूनच उतरणं आलं. अर्क उतरवतात, घाण्यातून तेल उतरतं. उत्पन्नाचा उतारा या वाटेनेच आला असावा असं माझं मत आहे. आता तेलक्षेत्राकडे पाहा. विहिरीचा नैसर्गिक दाब ओसरला की शेजारच्या विहिरीतून पाणी दाबून सोडतात. ते पाणी तेलाला पुढे लोटतं आणि तेल पाण्यासोबत वर येतं. पाण्यातून पार होऊन बाहेर येणं, म्हणजे धातूचा अर्थ अक्षरशः! इतका चपखल शब्द हाताशी असताना ‘पुनर्प्राप्ती’ लिहिणं मला सहन होत नाही.

काही परिभाषाकार ‘उपसा’ सुचवतात. त्यांनी तेलक्षेत्राचं गणित पाहिलेलं नाही. उपसा म्हणजे रोज किती काढता ते. उतारा म्हणजे होतं त्यातलं किती निघालं ते. मोठा पंप लावला की उपसा वाढतो, उतारा वाढेलच असं नाही. विहिरीत पाणी लवकर शिरलं तर घटेलसुद्धा. ढोबळमानाने, नुसत्या नैसर्गिक दाबावर दहा टक्क्यांच्या आसपास तेल निघतं, पाणी किंवा वायू दाबून सोडल्यावर वीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत. निम्म्याहून जास्त तेल खडकातच राहतं आणि सगळी झटापट त्यासाठी असते. पाणी पातळ असल्यामुळे दाट तेलाला बगल देऊन निघून जातं, म्हणून त्यात पॉलिमर घालून ते दाट करतात. चीनच्या दाचिंगमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. साबणाच्या जातीची द्रव्यं तेल-पाण्यामधला ताण हजारो पटींनी कमी करतात आणि खडकाच्या छिद्रांत अडकलेले थेंब सुटतात. कार्बन डायऑक्साइड तेलात विरघळतो, तेल फुगतं आणि पातळ होतं. टेक्ससमधल्या केली-स्नायडर क्षेत्रात हे १९७२ पासून चालू आहे. गुजरातेतल्या बलोल आणि संथाल क्षेत्रांत तर हवा आत सोडून थोडं तेल जमिनीखालीच जाळतात, म्हणजे त्या उष्णतेने उरलेलं जड तेल वाहतं होतं.

आता ‘जलाशय’. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. ‘जलाशयात पाणी सोडून तेल काढतात’ हे वाक्य मी छापील मजकुरात वाचलं आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धरण येतं! जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. वाळूच्या किंवा चुनखडीच्या खडकातल्या बारीक बारीक छिद्रांत तेल मुरलेलं असतं, आणि तळं असतं तर पॉलिमर, साबण, वाफ हे काहीच लागलं नसतं. यावर ‘योगाद्रूढिर्बलीयसी’, म्हणजे व्युत्पत्तीपेक्षा रूढी बलवान, असं ऐकवणारे भेटतात. रूढीच बलवान मानायची तर जलाशय पाण्यासाठीच रूढ आहे, म्हणजे तो तुमच्याच नियमाने बाद झाला. ‘साठा’ही नको, साठा हे प्रमाण आहे, जागा नव्हे. ‘आशय’ म्हणजे जिथे काही पडून राहतं ती जागा. सुश्रुताने शरीरात आमाशय, पक्वाशय, मूत्राशय असे आशय मोजले, त्यात पाण्याचा संबंधही नाही. त्याच चालीने तैलाशय म्हणा.

‘वर्धित’ऐवजी वाढीव किंवा सरळ ‘उतारा वाढवणं’. आणि ‘परिपक्व’ कृपा करून काढा. ‘पच्’ म्हणजे शिजणं. ज्या खडकात जैव द्रव्य उष्णतेने शिजून तेल बनतं, त्या उगमखडकाला भूवैज्ञानिक पक्व म्हणतात, आणि तिथे हा शब्द शंभर टक्के खरा आहे. ऐन भर ओसरलेलं तेलक्षेत्र पक्व नसतं, ते उतरतीला लागलेलं असतं. दोन्हींना एकच विशेषण दिलं, तर भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला एकाच पानावर दोन वेगळ्या गोष्टी एक वाटतील.