चारीवरची जुनी गेटं, पेट्या बदलताय? आधी हे बघून घ्या

नमस्कार शेतकरी बंधूंनो. उन्हाळी आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची पाळी) संपत आलं की या विषयावरचे प्रश्न वाढतात, म्हणून एकत्रच उत्तर देतो. प्रवरा कालव्याखालच्या एका भाऊंनी विचारलंय की चारीवरची, म्हणजे कालव्यातून शेताकडं पाणी नेणाऱ्या लहान पाटावरची, गेटं गंजून गेलीत, प्लेटा राहिल्या नाहीत, गोण्या आणि पाचट टाकून पाणी अडवतो, तर नवीन कुठली बसवायची. दुसऱ्या एका भाऊंची विभागणी पेटी (चारीचं पाणी वाटून द्यायचं पक्कं बांधकाम) एका अंगानं खचलीय, ती काढून सरळ सहा इंची पाईप टाकला तर चालेल का असं ते विचारतात. आणि टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्या, काही शेतकऱ्यांची तक्रार आहे की वर पेटी नवीन बांधल्यापासून आमच्यापर्यंत पाणीच पोचत नाही.

गेट विकत आणायच्या आधी चालू पाण्यात चारीनं एक चक्कर मारा. बऱ्याच ठिकाणी गळती गेटातून कमी आणि भिंतीच्या बाजूनं किंवा फरशीच्या खालनंच जास्त असते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पाण्यात फुगते, त्यात बांधकाम आणि माती यांच्यात फट पडते, त्या फटीतून पाणी रोज थोडी माती नेतं आणि मग एक दिवस भिंत कलते. अशा पेटीला नवीन कोरं गेट बसवलं तरी पैसे वायाच. भिंतीच्या मागं ओल दिसतेय का, खालच्या बाजूला गढूळ पाणी उमळतंय का, खालची फरशी पोकळ वाजतेय का, हे बघा. असं असेल तर पूर्ण पेटी काढूनच नवीन करा, वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकाला फरशीखाली आडवी भिंत जमिनीत उतरवा, बाजूच्या भिंती काठात आतपर्यंत न्या, आणि भराव काळ्या मातीचा करू नका. न फुगणारा पण थोडा चिकट मुरूम घ्या, निव्वळ खडा नको कारण त्यातून पाणी पाझरतं, आणि अर्धा फुटाचे थर देऊन ओलसर करून ठोका. खाली पाणी जिथं पडतं तिथं दगडाचं पिचिंग (दगड रचून केलेला थर) पाहिजेच, नाहीतर खड्डा पडून पेटी परत खचणार.

आता टेलवाल्यांची तक्रार, ती माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. जुनी पेटी फोडून नवीन बांधताना गवंडी जमलेल्या गाळावरच फरशी ओततो, मग तळ चार-सहा इंच वर जातो आणि खालचं पाणी कायमचं अडतं. म्हणून गाळ काढा, चारीचा मूळ तळ शोधा, लेव्हल मशीन किंवा निदान पाण्याची नळी लावून उंची धरा, आणि त्या वेळी टेलचे दोन शेतकरी तिथं उभे पाहिजेतच, नंतर भांडण्यापेक्षा ते बरं.

सहा इंची पाईपचं उत्तर नाही असंच आहे. आउटलेटचं, म्हणजे कालव्याच्या फाट्यावरनं चारीला पाणी सोडणाऱ्या तोंडाचं, पाणी साधारण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28-30 लिटर धरतात. एवढं पाणी आखूड पाईपातून जायला 12 इंची पाईपला दोन्हीकडच्या पातळीत जेमतेम एक इंच फरक लागतो, 9 इंचीला साधारण तीन इंच, पण 6 इंचीला जवळपास 40 सेंटीमीटर लागतो. सपाट रानात एवढा फरक मिळणार कुठून, मग पाणी मागं तुंबतं आणि काठ फुटतो. वरनं उसाची ट्रॉली जाणार असेल तर पीव्हीसी नको, ह्यूम (सिमेंट काँक्रीटचा) पाईपच टाका आणि वर भराव नीट द्या.

गेट कुठलं, तर माझं मत असं की चारीत आडवं पाणी अडवायला खाचेत बसणाऱ्या फळ्या आणि बाजूच्या तोंडाला लोखंडी सरकतं गेट. कारण चारीत पाणी थोडं वाढलं तर ते जास्तीचं पाणी फळीवरनं पुढं निघून जातं, पातळी फारशी चढत नाही, आणि गेटाच्या खालनं जाणारं पाणी पातळीतल्या छोट्या फरकानं विशेष बदलत नाही, त्यामुळं बाजूच्या पोटचारीला पाणी एकसारखं मिळतं आणि पाळी नीट चालते. आपल्याकडं बरेचदा याच्या उलट केलेलं असतं. गेटाला आधी रेड ऑक्साईड मग पेंट, आणि स्पिंडलला (गेट वर-खाली करणाऱ्या आट्याच्या दांड्याला) दर आवर्तनाआधी ग्रीस. कुलूप लावा आणि चावी पाणी वापर संस्थेकडं ठेवा.

परवानगीचं नीट ऐका. आउटलेटच्या खालची पोटचारी आपली आहे, ती शेतकऱ्यांनी मिळून दुरुस्त करायची. पण आउटलेट, मायनर (कालव्याचा लहान फाटा) आणि कालव्यावरच्या गेटाला परस्पर हात लावू नका, 1976 च्या पाटबंधारे कायद्यानं तो गुन्हा होतो. मायनर 2005 च्या कायद्याखाली पाणी वापर संस्थेकडं हस्तांतरित झाली असेल तर आधी संस्थेच्या सभेत ठराव घ्या, मग शाखा अभियंत्यांबरोबर चारीची संयुक्त पाहणी करून कुठली पेटी काढायची, कुठली ठेवायची हे लेखी करून घ्या. मायनरच्या तोंडाशी पाणी मोजायचा फ्लूम तुटलेला असेल तर तोही त्याच यादीत घाला, संस्थेला पाणी मोजून मिळतं आणि फ्लूम मोडका असेल तर हिशोबाचा भरवसाच राहत नाही.

काम आवर्तन बंद असताना आणि पावसाच्या आधी उरका. काँक्रीटवर ओली पोती टाकून निदान दहा दिवस पाणी मारा, मे महिन्याच्या उन्हात यात कसूर नको. पहिलं पाणी चारी भरून सोडू नका, आधी निम्म्यानं सोडा आणि भिंतीच्या मागं मुरूम बसला असेल तर लगेच वरनं भर घाला.