मोरियाक पहिल्यांदा वाचताय?

फ्रेंच कादंबरीकार फ्रांस्वा मोरियाकची सुरुवात १९३२ सालच्या ‘ल नू द विपेर’ (Le Nœud de vipères) या म्हाताऱ्या वकिलावरच्या कादंबरीने करा. हा कंजूष माणूस बायकोला पत्र लिहितोय, आयुष्यभराचं विष ओकतोय. पोरांचा डोळा इस्टेटीवर. पेठेतल्या वाड्याची वाटणी जवळून पाहिली असेल, तर हे घर ओळखीचंच वाटेल!

गुड फ्रायडेला तो मुद्दाम मांस खातो, तिथे थांबा. कॅथलिक घरात त्या दिवशी मांस वर्ज्य, म्हणून तो घास बायकोच्या जिव्हारी लागतो. असे बारकावे समजायला पुण्यात क्वार्टर गेटच्या सिटी चर्चमध्ये एखाद्या रविवारी मिस्सेला (कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेला) मागच्या बाकावर बसून या. खूप फरक पडतो.

आणि म्हाताऱ्याला खलनायक ठरवायची घाई नको. देवभोळ्या नातलगांचा हिशेबीपणाही तितकाच नीट वाचा.